घरी शिकणाऱ्या मुलांसाठी शहराची दारे उघडी हवीत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका निवृत्त शिक्षकांचे पत्र वाचले. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांविषयी त्यांनी काळजी व्यक्त केली होती. त्यांचा मुख्य आक्षेप अभ्यासाविषयी नव्हता, वळणाविषयी होता. गणित आणि भाषा घरी शिकवता येतील, पण वक्तशीरपणा, मेहनतीची सवय आणि चारचौघांत वागण्याची रीत ही शाळेतच अंगी बाणते, घरात मुलांचे नुसते लाड होतात, असे त्यांचे म्हणणे होते. पत्रात आपुलकी होती, त्यामुळे त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. आमची मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. दोघेही घरीच शिकतात. बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमचे जुने घर आहे, सासूबाई आणि सासरे आमच्याबरोबर राहतात, यजमान नोकरी करतात आणि मी घरूनच हिशोब लिहिण्याची कामे घेते. पुढे जे लिहिते आहे ते याच घरात रोज घडणाऱ्या गोष्टींवरून लिहिते आहे.

घरी शिकणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एकात आई छडी घेऊन दिवसभर पाढे घोकून घेत असते आणि दुसऱ्यात मुले दुपारपर्यंत झोपून मोबाइलवर खेळत असतात. आमच्याकडे सकाळी न्याहारीनंतर दीड-दोन तास गणित आणि भाषा यांचा नेमाने अभ्यास होतो. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, ती आम्ही वापरतो. गुजराती मुले शेजारच्या मासींकडून आणि दुकानांच्या पाट्यांवरून शिकली आणि आता गुजराती वर्तमानपत्रही वाचतात. या अभ्यासाविषयी फार सांगण्यासारखे काही नाही, कारण तो कोणत्याही चांगल्या शाळेतल्या अभ्यासासारखाच आहे. वळणाचा प्रश्न सुटतो तो अभ्यासाची वही मिटल्यानंतर, घरातल्या कामांत.

सासूबाईंना थायरॉइडचा आणि रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांच्या औषधांची व्यवस्था गेल्या दिवाळीपासून थोरलीकडे आहे. सात दिवसांच्या खणांची एक प्लास्टिकची डबी आहे, ती दर रविवारी सकाळी ती भरते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते, रक्तदाबाची न्याहारीनंतर आणि कॅल्शियमची रात्री. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले की, सगळ्या गोळ्या एकदमच का घेत नाहीत? मग आम्ही औषधासोबत आलेला बारीक अक्षरातला कागद वाचला, डॉक्टरांनाही विचारले, आणि कॅल्शियममुळे थायरॉइडचे औषध शरीरात नीट शोषले जात नाही, म्हणून दोन्हींमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे, हे तिला कळले. गोळ्यांच्या पट्टीवर ५० मायक्रोग्राम असे छापलेले असते आणि शेजारच्या पट्टीवर ५ मिलिग्राम असते. दोन्हींतली मोठी मात्रा कोणती, या प्रश्नातून दशांश अपूर्णांकांचा जो धडा झाला, तो पुस्तकातल्या उदाहरणांनी झाला नसता, कारण इथे उत्तर चुकले तर त्याचा त्रास आजीला होणार, हे तिला ठाऊक होते. एकदा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली. तिने वरचे मोठे नाव सोडून खालचे घटकाचे नाव जुन्या पट्टीशी ताडून पाहिले, मात्रा पाहिली, मुदत पाहिली आणि मग मला बोलावून दुकानात फोन करायला लावला. अर्थात डबी भरून झाली की मी ती डोळ्यांखालून घालतेच. औषधाच्या बाबतीत मुलावर सारा भार टाकणे योग्य नव्हे.

रक्तदाबाची नोंद चौकटीच्या कागदावर होते. वरचा आकडा निळ्या शाईने, खालचा लाल शाईने आणि दोन्हींच्या रेषा. जिना चढून आल्याबरोबर मोजले की आकडा वाढलेला दिसतो, हे तिच्याच लक्षात आले. तेव्हापासून आजीला पाच मिनिटे खुर्चीत पाठ टेकवून बसवल्याशिवाय ती यंत्राचा पट्टा दंडाला बांधत नाही, आणि पट्टा बांधल्यावर कोणालाही बोलू देत नाही. थंडीच्या दिवसांत रेषा थोडी वर सरकलेली दिसली, तेव्हा तिने तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि त्यावरून प्रश्न विचारले. आपण लिहिलेले कोणाच्या तरी उपयोगी पडते, हा अनुभव बाराव्या वर्षी मिळणे ही मी फार मोठी गोष्ट समजते.

आता वक्तशीरपणाविषयी. थोरली उशिरा उठली तर आजीची गोळी उशिरा होते, आणि गोळी उशिरा झाली की आजीचा चहा लांबतो. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण चहाशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे. ही मुलगी पहाटेच्या गजरालाही न उठणारी होती. आता ती कोणी न सांगता उठते, पाण्याचा पेला भरते आणि "आजी, गोळी घेतलीस का?" असे विचारून मगच तोंड धुवायला जाते. आठ दिवसांसाठी सासूबाई पुण्याला नणंदेकडे निघाल्या, तेव्हा तिने मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लिहून आत्याच्या फ्रिजवर लावण्यासाठी दिले. त्यात कॅल्शियमच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मूल वक्तशीर होते, काटेकोर होते, विश्वासाला पात्र होते, ते दुसरे कोणी आपल्यावर विसंबून आहे हे त्याला उमजते तेव्हा, असे माझे अनुभवातून झालेले ठाम मत आहे. लुटुपुटूची कामे देऊन हे साधत नाही. आई पुन्हा करणारच आहे असे काम मुलाला दिले, तर मुलाला ते लगेच ओळखू येते आणि ते काम तो खेळासारखेच करतो. शाळेची घंटा वेळ शिकवत असेल, मी ते नाकारत नाही. पण घंटा वाजवणारा गेला की पुढे काय, याचे उत्तरही कधीतरी द्यावे लागते.

धाकट्याकडे मांज्याचे काम आहे. बडोद्यात उत्तरायण म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला गच्च्या ओसंडून वाहतात, आणि त्यानंतर कित्येक दिवस तुटलेला मांजा झाडांना, तारांना, गच्चीच्या कठड्यांना गुंतून राहतो. काचेची पूड लावलेला हा दोरा पक्ष्यांच्या पंखात अडकला की पक्षी सुटू शकत नाही. गुजरातमध्ये दर वर्षी या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी 'करुणा अभियान' चालते. पक्षी घरट्यातून निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळी, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी, पतंग उडवू नयेत असे आवाहनही केले जाते. गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर एक कबूतर सापडले. धाकट्याने ते आजोबांच्या मदतीने टोपलीखाली ठेवले आणि मदतीसाठी फोन करायला लावला. त्या दिवसापासून गच्चीवरचा आणि मागच्या चिंचेच्या हाताला येणाऱ्या फांद्यांवरचा मांजा काढायचे काम त्याने अंगावर घेतले. हातात जुने मोजे चढवून, काठीला आकडा बांधून तो दोरा ओढतो, गुंडाळतो, त्याचे कात्रीने बोटभर तुकडे करतो आणि मगच कचऱ्यात टाकतो, कारण लांब दोरा कचऱ्यात गेला तर तो गाईच्या पोटात किंवा कावळ्याच्या पायात जाईल, असे आजोबांनी त्याला सांगितले आहे. या कामाला गुण नाहीत आणि बक्षीसही नाही. शेजारच्या गच्चीवरचा मांजा काढायला जाण्यापूर्वी मासींची परवानगी घ्यायची असते, एवढी रीत मात्र त्याला शिकवावी लागली.

ज्या शहराने सक्तीच्या शाळेचा पाया घातला, त्याच शहरात राहून तुम्ही शाळा नाकारता, असेही आम्हाला ऐकवले जाते. हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायद्याने साऱ्या राज्याला लागू केला. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते, ज्यांना देवळात आणि पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या मुलामुलींच्या हाती पाटी आली ती या कायद्यामुळे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेही याच राजाच्या शिष्यवृत्तीवर. ज्या आईवडिलांना दोन्ही वेळा कामावर जावे लागते, ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांच्या मुलांसाठी चांगली सरकारी शाळा हाच आधार आहे आणि तो बळकट झाला पाहिजे. आमच्यासारखे घरी शिकवणे ज्यांना परवडते, त्यांच्या घरात निदान एक शिकलेले माणूस दिवसभर असते, एकाची कमाई पुरते आणि बहुधा आजी-आजोबाही असतात. ही सवलत आहे. तिचा डांगोरा पिटून शाळेत जाणाऱ्यांना कमी लेखणारे पालक मी पाहिले आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही.

पण सयाजीरावांचे कार्य शाळेपाशी थांबले नव्हते, हे विसरता कामा नये. कवळाणे गावच्या या मुलाला १८७५ साली दत्तक घेऊन बडोद्यास आणले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. उशिरा शिकूनही माणूस किती दूर जाऊ शकतो, हे त्यांनी स्वतःवरून जाणले होते. त्यामुळेच की काय, शाळेबाहेरच्या माणसाची त्यांना तितकीच काळजी होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालांना बोलावून राज्याचे ग्रंथालय खाते उभारले, गावोगाव वाचनालये काढली आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. आजही मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनी पाहून धाकट्याचे पाय क्षणभर थबकतात. सयाजीबागेतल्या संग्रहालयात मही नदीच्या मुखाशी १९४४ साली आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो पाहून आल्यावर आमच्याकडे आठवडाभर हाडांचीच चर्चा चालली होती. जुम्मादादा व्यायाम मंदिर या व्यायामशाळेची आणि तिथले व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव यांची परंपरा याच शहरातली. ही सारी ठिकाणे वय न विचारता शिकवणारी आहेत आणि घरी शिकणाऱ्या मुलाला तीच शाळेसारखी उपयोगी पडतात.

आमचे नातेवाईक विनोबांचे उदाहरण वारंवार देतात. विनोबा बडोद्यात वाढले, इथेच शिकले आणि १९१६ साली परीक्षेला मुंबईस जायला निघालेले असताना सुरतेला उतरून काशीला गेले. त्यांनी प्रमाणपत्रे चुलीत घातली, हा प्रसंग सर्वांना पाठ असतो. मला मात्र त्यांनी सांगितलेली त्यांच्या आईची एक आठवण जास्त मोलाची वाटते. शेजारची बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई त्या घरचा स्वयंपाक करून देत. मात्र आधी आपल्या घरचा करीत आणि मग त्यांचा. आपले आधी का, असे लहान विनोबांनी विचारले. त्यावर, त्यांचे आधी केले तर त्यांच्या वाट्याला गार अन्न येईल, असे त्या माउलीने सांगितले. कागद जाळण्याच्या गोष्टीतून मुलांनी काय घ्यावे, हा वादाचा विषय होईल. चुलीपुढच्या या गोष्टीतून काय घ्यायचे, याविषयी वाद होणार नाही. आणि ती घडली ती बारा महिने तेरा काळ चालणाऱ्या स्वयंपाकघरात.

या विचाराला गुजरात-महाराष्ट्राची सामाईक परंपराही आहे. वकिली सोडून भावनगरला बालशिक्षणाला वाहून घेतलेले गिजुभाई बधेका, आणि त्यांच्यासोबत काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत बालवाडी नेणाऱ्या ताराबाई मोडक यांनी, मूल स्वतःच्या हाताने काम करते तेव्हा शिकते, हे आपल्या मातीत करून दाखवले. त्यांच्या मुलांना झाडू, पाणी भरण्याची भांडी, फुले, पाने अशी खरी साधने मिळत. आम्ही नवे काही शोधून काढलेले नाही.

कायद्याविषयी आणि परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते, कारण हे प्रश्न भेटणारा प्रत्येक जण विचारतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्यात म्हटले आहे, पण तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही, आणि घरी शिकवण्याविषयी वेगळे कलमही नाही. ही संदिग्धता सरकारने दूर करावी, असे आम्हालाही वाटते. दहावीची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून होते. मूल १४ वर्षांचे झाले की तिथे माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते, वर्षातून दोनदा परीक्षा होतात आणि नोंदणी पाच वर्षे चालते. मराठी आणि गुजराती ही दोन्ही माध्यमे तिथे उपलब्ध आहेत. बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत असताना ही सोय आपल्या समाजाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुले एकलकोंडी होतील ही भीती मात्र अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. घराची दारे बंद ठेवली तर ती होतील. आमची मुले संध्याकाळी गल्लीत खेळतात, तालमीत जातात, गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या कामाला आणि नवरात्रात गरब्याला जातात, त्यामुळे त्यांना सर्व वयाची माणसे भेटतात. पण याच ठिकाणी आम्हाला एक अडचण येते आणि हे पत्र लिहिण्याचे तेही एक कारण आहे. गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका संस्थेने मुलांसाठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. थोरलीने तयारी केली, आजोबांसमोर म्हणून दाखवले, वेळ मोजली, भाषण पुन्हा लिहिले. अर्ज भरायला गेलो तेव्हा त्यावर शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही हवी होती. शाळा नाही म्हटल्यावर अर्ज परत मिळाला. टेबलाशी बसलेल्या बाईंचा सूर सौम्य होता, नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. मुलगी रडली नाही. घरी येताना तिने एवढेच विचारले की, ज्यांनी शाळा सोडली आहे, किंवा जे आजारपणामुळे घरी आहेत, त्यांनाही असेच परत पाठवतात का? तिचा हा प्रश्न मी आपल्या वाचकांपुढे ठेवते, कारण तो आमच्या घरापुरता नाही. दुकानात काम करणारी, स्थलांतरित मजुरांची, दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेली मुले या शहरात आहेत, आणि शिक्क्याच्या अटीने तीही वगळली जातात.

२०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा इथल्या मराठी संस्थांनी किती उत्साहाने काम केले ते सर्वांनी पाहिले. त्याच संस्थांना, ग्रंथालयांना, व्यायामशाळांना आणि स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. प्रवेश अर्जावर शाळेच्या नावाची जी ओळ असते, तिच्याखाली 'शाळेत जात नसल्यास पालकाचे नाव व सही' अशी आणखी एक ओळ छापावी आणि वयासाठी जन्माचा दाखला घ्यावा. वयाची खात्री शिक्क्याने होते तशी दाखल्यानेही होते. संग्रहालयाच्या शालेय सहलींत दुपारच्या एखाद्या गटात शाळेबाहेरची चार मुले सामावून घ्यायला फार खर्च येणार नाही. आणि ज्या आजोबांना सुतारकाम येते, ज्या आजींना मोडी लिपी वाचता येते, त्यांनी आठवड्यातून एखादी दुपार आपल्या गल्लीतल्या मुलांसाठी ठेवली, तर शाळेत जाणारी मुलेही सुट्टीच्या दिवशी येतील. माझे सासरे पुढच्या महिन्यापासून शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर मोडीचे वर्ग घेणार आहेत. त्यासाठी शुल्क नाही आणि कोणत्याही शाळेचा दाखला लागणार नाही. ज्या निवृत्त शिक्षकांच्या पत्रामुळे मी लिहायला बसले, त्यांनी एखाद्या शनिवारी अवश्य यावे. सासऱ्यांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर नीट दिसत नाही, त्यामुळे मुलांच्या वह्या तपासायला जाणत्या माणसाची गरज लागणारच आहे.

आपली नम्र,
एक पालक
दांडिया बाजार, वडोदरा